दहा-सेहेचाळीस

सीताबर्डीच्या दुकानात गोलू विचारतो,
"भाऊ, नऊचा देऊ का दहाचा?"
दरवेळी विचारतो. अकरा वर्षांपासून
मी दहाचाच नेतोय. दहा-सेहेचाळीस.
पहिली तार केसाएवढी,
आणि सहावीचा आकडा म्हणजे मे महिन्यातला
आमच्या गावचा पारा.
त्याला हे सांगितलं एकदा. "हो का," म्हणाला,
आणि पंख्याकडे तोंड करून सुट्टे पैसे मोजू लागला.

भर दुपारी गिटार काढू नये, हे
मुंबई-पुण्याच्या मास्तरांनी लिहिलेल्या पुस्तकांत नसतं.
लोखंड तापतं, सैलावतं,
सूर जिना उतरल्यासारखा एकेक पायरी खाली.
संध्याकाळी कूलर लावला की
लाकूड ओल पितं, मान वाकते,
तीच तार आता चढते, करकरते.
कूलरसमोर मी बसायचं का तिनं,
हा प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो
आणि यामिनी तो एका वाक्यात मिटवते:
"दोघंही गच्चीवर जा."

पिकांचं काय सांगू.
डझनानं आणतो, महिनाअखेर एक उरतं.
शर्टाच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये,
स्कूटरच्या डिकीत,
मुलीच्या कंपासपेटीत कोनमापकाच्या शेजारी.
मग बुडालेल्या पतसंस्थेचं कार्ड
कात्रीनं कापतो, फरशीवर घासतो.
आवाज जरा हिशेबी येतो, पण येतो.
परवा फोनवर कुणाला म्हणालो, सगळी पिकं गेली यार.
काटोलचे मामा बाजूलाच संत्रं सोलत होते.
"कोनती पिकं गेली बे?
तुह्याजवळ त कुंडीबी नाई."

ऑफिसातलं हजेरीचं यंत्र
माझ्या डाव्या हाताची बोटं घेत नाही.
चार बोटं, चार घट्टे, रेषा कुठेच नाहीत.
शेंडेसाहेब म्हणाले, उजवा अंगठा लावा.
तेव्हापासून मी कामावर
फक्त उजव्या हातानं हजर असतो.
डावा घरीच आहे, असं धरून चाला.

वर्धा रोडच्या लॉनवर, साक्षगंधाचा कार्यक्रम.
दुसऱ्या अंतऱ्याला तिसरी तार तुटली,
गालाला चाटून गेली.
नवरा मुलगा अंगठीची डबी शोधत होता,
काकूंचं लक्ष आइस्क्रीमकडे,
कुणाला काही कळलं नाही.
फक्त ढोलकवर रंगारीनं माझ्याकडे न बघता
चार मात्रा दाबून वाजवल्या,
तेवढ्यात मी बोटं चौथीवर नेली.
रात्री एकला, टेम्पोत सामान चढवताना:
"कोनती गेली?"
"तिसरी."
"मले वाटलंच."
बावीस वर्षांच्या ओळखीत
आम्ही संगीतावर इतकंच बोललो आहोत.

तुटलेल्या तारा मी टाकत नाही.
त्यांनी यामिनी साबणाच्या वड्या कापते,
शेजारचे गजभिये कुंपणाला बांधायला नेतात.
नव्या तारा मात्र पहिला दिवसभर
कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.
ओढा, जुळवा, पुन्हा उतरतात.
त्यांच्यावर चिडून चालत नाही,
त्यांना अजून माहीत नसतं
आपण कुठं आलोय.

ऑक्टोबरात कूलर उतरवला.
टाकी उपडी केली: गाळ, गवताच्या काड्या,
शेवाळ, एक रुपयाचं नाणं
आणि तीन पिकं.
कठड्यावर वाळत घातली.
त्यातल्या एकाचं टोक एका बाजूनं झिजलेलं,
माझ्याच हाताच्या तिरकेपणानं,
कोणत्या साली ते आठवेना.
पुसलं, छेडून पाहिलं.
पहिल्या दोन सुरांना जरा पाण्याचा वास आला,
मग गेला.
मामांना फोन लावला.
"सापडली पिकं. पाण्याखाली होती."
पलीकडं बराच वेळ शांत.
मग म्हणाले,
"किती क्विंटल?"